मोजणीपुरती बंद केलेली ज्योत

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत पुढचा माणूस मागे वळून विचारतो, "कुठे असता तुम्ही?" अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की कुठल्या कंपनीत. मी म्हणायचो, "तुमच्या बेसमेंटमध्ये." तो जरा मागे सरकायचा. मग कळलं की हे फर्नेसवाले काका, की लगेच पुढचा प्रश्न यायचा, आमची फर्नेस रात्रीची घरघरते, ते कशामुळे? हातातली ताटली गार होईपर्यंत मी त्याच्या फर्नेसविषयी ऐकून घ्यायचो. डॉक्टरांना आणि आम्हाला लग्नातही सुट्टी नसते.

मी मूळचा बॉयलर फिटर, सांगलीकडचा. बायको नर्स. तिला मिशिगनमध्ये नोकरी लागली आणि मी तिच्या मागे आलो. इथे सगळे आपले लोक पुण्या-मुंबई-नागपूरचे, संगणकावर बसणारे. हाताला काजळी लागणारा मराठी माणूस बहुधा मी एकटाच. गेल्या वसंतात गुडघ्यांनी सांगितलं, आता पुरे. तोवर तेवीस हिवाळे मी लोकांच्या घराच्या पोटात शिरून काढले.

आमचं काम बाहेरच्याला समजावून सांगायचं तर असं. फर्नेस म्हणजे तळघरातली गॅसवर चालणारी भट्टी, जी घरभर गरम हवा पाठवते. तिला किती गॅस मिळतो यावर सगळं अवलंबून. कमी मिळाला तर घर गारठतं, जास्त मिळाला तर भट्टी आतून भाजून निघते आणि नको ते वायू तयार होतात. पण वाहता गॅस डोळ्याला दिसत नाही. तो मोजायचा तर घराबाहेरच्या मीटरपाशी जायचं. त्यावर एक छोटी तबकडी असते, तिच्या काट्याची एक फेरी म्हणजे दोन घनफूट गॅस. घरातलं गॅसवर चालणारं बाकी सगळं बंद करायचं: वॉटर हीटर, शेगडी, कपडे वाळवायचं मशीन. फक्त फर्नेस चालू ठेवायची आणि बर्फात उभं राहून स्टॉपवॉच धरायचं. साधारण मापाच्या फर्नेसला एका फेरीला नव्वद सेकंद लागायला हवेत. शंभराच्या वर गेले तर भट्टी उपाशी आहे. मग आत येऊन व्हॉल्व्हवरची लहानशी टोपी काढायची, तिच्याखाली एक स्क्रू असतो. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून तो पाव फेरी फिरवायचा, दाब साडेतीन इंचांवर आणायचा. साडेतीन इंच म्हणजे तो गॅस पाण्याला जेमतेम साडेतीन इंच वर उचलू शकेल, इतका तो हलका असतो. तेवढ्याशा जोरावर चार बेडरूमचं घर उणे वीसमध्ये उभं राहतं. मला याचा अभिमान होता आणि अजून आहे. पाव फेरीतला फरक माझ्या बोटांना कळायचा.

या मोजणीतला एक भाग मात्र मला कधीच आवडला नाही. सगळं बंद केलं, अगदी फर्नेससुद्धा, की काटा थांबायला हवा. कधी कधी तो थांबत नाही. घरात काहीच जळत नाही असं घरमालक शपथेवर सांगत असतो आणि काटा मुंगीच्या पावलानं पुढे जात असतो.

जवळच्या ॲन आर्बर शहरात एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी असं झालं. दहा मिनिटांत काटा फेरीचा जेमतेम दहावा भाग सरकला. गळती म्हणावी तर माझं यंत्र कुठेच वाजेना. म्हातारा माझ्यामागे खोल्याखोल्यांतून फिरत होता, पण एका बंद दारापाशी आला की झपझप पाऊल उचलायचा आणि पुढे जायचा. शेवटी मीच विचारलं. ती बायकोची शिवणाची खोली, ती गेल्यापासून उघडलेली नाही, असं म्हणाला. किल्ली शोधायला त्याला बराच वेळ लागला. आत गॅसची शेकोटी होती आणि तिच्यात नखाएवढी निळी ज्योत. शेकोटी पेटवायला कायम तेवत असते ती. खोली बंद झाल्यापासून ती तशीच तेवत होती, धुळीत, कुणी न बघता. प्राध्यापक दारातूनच बघत राहिला. विझवू का, म्हणून विचारलं तर मान हलवून नको म्हणाला. ज्योत स्वच्छ होती, धूर बाहेर जात होता. मी दार ओढून घेतलं आणि कागदावर लिहिलं, गळती नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण त्यात माझी चूक आहे.

अमेय आणि शर्वरी हे नागपूरचं जोडपं. तो मोटार कंपनीत, ती घरून काम करणारी. ऑक्टोबरात अमेयचा फोन आला, "काका, वरच्या बेडरूम्स एकदम थंड आहेत यार. आई येतेय नेक्स्ट वीक, त्याच्या आधी काहीतरी करा." मी गेलो. घर लख्ख, खिडक्या उघड्या, टेबलावर सुगंधी मेणबत्ती. बाहेर थंडी असून खिडक्या उघड्या, याचं मला नवल वाटलं नाही. आपल्या सगळ्या घरांत हे चालतं. बाहेरचा माणूस येणार म्हटलं की फोडणीचा वास जावा म्हणून आधी तासभर खिडक्या उघडायच्या, शेगडी बंद करायची. गोऱ्या मेकॅनिकसाठी लागलेली सवय, माझ्यासाठीही मोडत नाही. मी मीटरपाशी उभा राहिलो, एका फेरीला एकशे दोन सेकंद लागले. दाब पावणेतीन इंच. स्क्रू फिरवून साडेतीनवर आणला, फेरी एक्याण्णव सेकंदांची झाली. अर्ध्या तासात वरच्या खोल्या उबदार. चहा घेतला आणि निघालो.

अमेयची आई, इंदूमावशी, आल्या. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. त्यांना बेसमेंटमधली खोली दिली होती. वाईट खोली नव्हे ती, चांगली मोठी, गालिचा घातलेली, कोपऱ्यात देवघर. फक्त तिच्या भिंतीपलीकडे फर्नेसची खोली.

डिसेंबरात शर्वरीचा फोन आला तेव्हा ती फर्नेसविषयी बोलतच नव्हती. आई म्हणतात, अमेयचे बाबा येतात, असं ती हळू आवाजात म्हणाली. रोज येतात. आंघोळ, पूजा झाली की आधी पावलं वाजतात आणि मग ते येऊन आरामखुर्चीत बसतात. बोलत काही नाहीत. आई त्यांच्यासाठी चहाचा दुसरा कप ठेवतात. कधी दूध गॅसवर ठेवून विसरतात, कधी शर्वरीचं नाव आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे सुरुवात झालेली दिसते, तपासण्या करू. अमेयनं नागपूरच्या एका वृद्धाश्रमात फोन केला होता. इथे दिवसभर लक्ष कोण ठेवणार, आणि व्हिसा तरी किती दिवसांचा?

"पावलांचा आवाज फर्नेसचा असू शकतो का, काका? तेवढं बघून द्या," शर्वरी म्हणाली. तिला नुसतं एक कारण हवं होतं.

मी गुरुवारी गेलो. पुन्हा खिडक्या उघड्या, पुन्हा मेणबत्ती. पावलांचं कोडं तिथेच सुटलं. फर्नेस पेटली की गरम हवा वर नेणारे पत्र्याचे डक्ट तापून टकटक वाजतात, नेमके माणूस जिना उतरल्यासारखे. ते मी मावशींना ऐकवलंसुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, "ते मले माहीत आहे भाऊ. धातू प्रसरण पावते. मी पावलांचं नाही म्हणून राहिले. हे आले की समई वाकते. वारा नाही, काही नाही, पण ज्योत जिन्याकडे वाकते. तुम्ही पाहून घ्या न."

मी समईकडे पाहिलं. ज्योत सरळ होती. मी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि, आज लिहितानाही लाज वाटते, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हटलं, बरं, बरं, बघतो हं.

मग मी माझं काम चोख केलं. वॉटर हीटर बंद केला, शेगडी बंदच होती, बाहेर जाऊन काटा मोजला. एक्याण्णव. दाब साडेतीन. धुराड्यातला वायू तपासला, उत्तम. कॉलरला लावलेला माझा छोटा अलार्म, जो विषारी वायू असला तर कोकलतो, तो पूर्ण वेळ गप्प. निघताना हीटर पुन्हा चालू केला आणि कागदावर लिहून सही केली, फर्नेस निर्दोष, घरात धोका नाही. शर्वरीनं तो कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला. आता दुसरं कारण उरलं नव्हतं. अमेयनं तो कागद शुक्रवारी डॉक्टरांना दाखवला आणि शनिवारी आईचं परतीचं तिकीट काढलं.

मॅनोमीटर मी त्यांच्या कपडे धुवायच्या मशीनवर विसरून आलो होतो. सोमवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पिशवी उघडली तेव्हा लक्षात आलं. साडेअकराचा सुमार, रस्त्यातच घर होतं, म्हणून फोन न करता गेलो. त्या घरी मी न सांगता गेलो तो एवढा एकदाच.

शर्वरीनं दार उघडलं आणि ओशाळली. घरभर खमंग फोडणी, खिडक्या गच्च बंद. शेगडीवर हॉटेलात असतो तसा भलामोठा एक्झॉस्ट फॅन घोंगावत होता. कपड्यांना वास लागू नये म्हणून अमेयनं हौसेनं बसवलेला. मी येण्याआधी तो दोन्ही वेळा बंद केलेला असल्यामुळे मी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. डोकं फार दुखतंय काका, स्क्रीनमुळे, रोजचंच झालंय, असं म्हणत ती वळली आणि मी जिन्याचं दार उघडलं.

खालून हवा वर आली. दमट, कोमट, कोंदट. बेसमेंटमधून हवा वर यायचं काही कारण नव्हतं. दोन पायऱ्या उतरलो आणि समई दिसली. ज्योत वाकलेली होती. फडफडत नव्हती, नुसती आडवी होऊन स्थिर होती, माझ्याकडे तोंड करून. फर्नेसच्या खोलीच्या बंद दाराआडून कुणी एका दमात हळू फुंकर घालतंय आणि ती फुंकर संपतच नाहीये, असं वाटलं. तेवढ्यात कॉलरवरचा अलार्म कोकलायला लागला.

मावशी खुर्चीसमोर पाटावर बसल्या होत्या. गाल तापल्यासारखे गुलाबी, डोळे शांत, चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं हसू. त्यांनी माझ्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं. खुर्चीसमोर कपात चहा वाफाळत होता. मी खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती. पण खरं सांगतो, मी तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

फर्नेसच्या खोलीचं दार उघडलं आणि सगळं एका क्षणात कळलं. फर्नेस गप्प उभी होती, निर्दोषच. तिच्या शेजारचा जुना वॉटर हीटर मात्र जोरात पेटला होता. मावशींची आंघोळ नुकतीच झालेली, वर भांड्यांना गरम पाणी सुटलेलं. हीटरच्या डोक्यावर हात नेला तर धूर धुराड्यात वर जायच्या ऐवजी खाली येऊन माझ्या तोंडावर येत होता. वरचा तो राक्षसी फॅन घरातली हवा बाहेर ओढत होता, बंद घराला कुठून तरी हवा हवी होती, आणि ती धुराड्यातून उलटी खाली येत होती. हीटर आपलाच धूर परत श्वासात घेत होता, आणि असं घुसमटत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अलार्मवरचा आकडा आठशेच्या वर गेला होता.

खिडक्या उघड्या असल्या की हे होत नव्हतं. फॅन बंद असला की होत नव्हतं. आणि दोन्ही वेळा ज्याची चौकशी व्हायला हवी होती तो हीटर मी स्वतः बंद करत होतो, मोजणी बिनचूक व्हावी म्हणून. मी ज्योत विझवायचो, काटा मोजायचो, सगळं ठीक म्हणून सही करायचो आणि जाताना ती पुन्हा पेटवून जायचो. भिंतीवरचा अलार्म तरी वाजायला हवा होता, तर तो आरतीच्या कापरानं केकाटतो म्हणून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मावशींनी मात्र मला अचूक माप सांगितलं होतं. समई कधी वाकते आणि कुठल्या बाजूला वाकते, विज्ञानाच्या शिक्षिकेसारखं. माझ्या कुठल्याही यंत्रानं ते सांगितलं नव्हतं, आणि मी बरं, बरं म्हटलं होतं.

मी हीटर बंद केला आणि मावशींना म्हटलं, चला वर. त्या उठेनात. हात धरला तर सोडवून घेतला. शेवटी सरळ उचललं. साठीला आलेला मी आणि अंगात नसलेली ताकद. मावशी माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या आणि म्हणत होत्या, "थांबा, अहो थांबा न जरा." मला नाही म्हणाल्या ते. शर्वरीला ओरडून फॅन बंद करायला लावला, दारं सताड उघडली, दोघींना बर्फात अंगणात बसवलं आणि फोन केला. ॲम्ब्युलन्स आली तोवर मीही कठड्याला धरून उभा होतो.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन दिला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा-पाऊण तास गेला असता तर आई वाचल्या नसत्या. पुढच्या आठवड्यात मावशींना सगळी नावं आठवू लागली, विसरणं थांबलं. डॉक्टरांनी आधीचं निदान मागे घेतलं. अमेयनं तिकीट कॅन्सल केलं आणि माझ्याजवळ येऊन रडला. मी त्याला सांगितलं की त्या कागदावर सही माझी होती. तो म्हणाला, "काका, कागद डॉक्टरला दाखवला मी."

नवा हीटर मी स्वतः बसवला, ज्याचा धूर खोलीत उलटूच शकत नाही असा. फॅनसाठी बाहेरच्या हवेची वेगळी वाट काढली. अलार्म तीन लावले. जानेवारीच्या शेवटी अखेरची तपासणी करायला गेलो, यावेळी घरातलं सगळं एकदम चालू ठेवून आणि खिडक्या बंद करून. शर्वरी डॉक्टरकडे गेली होती, अमेय ऑफिसात. आकडा शून्य. मी तासभर तिथे उभा राहिलो, शून्य हलला नाही.

मावशी दारात येऊन बघत होत्या. तब्येत छान, नजर स्वच्छ. मी हत्यारं आवरायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तो स्क्रू पाव पाव फेरी फिरवता न?"

हो म्हटलं.

"मग थोडंसं ठेवता नाही का येत? रोज नाही. दुपारपुरतं. सव्वा महिना झाला, हे आले नाहीत."

त्या वायूनं काय होतं ते मी सांगू लागलो, तर मावशींनीच मला सांगितलं. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, एकदा चिकटला की सोडत नाही, मेंदूला उपास पडतो आणि मेंदू मग स्वतःचंच काढून दाखवतो. नववीच्या वर्गाला सांगावं इतकं स्वच्छ सांगितलं. मग म्हणाल्या, "एवढे दिवस येत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी तुम्ही मले उचललं, तेव्हा ह्यायनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. काहीतरी सांगणार होते."

त्या बेसमेंटमध्ये तेव्हा हवा शुद्ध होती, हे मी माझ्या यंत्रावर बघत होतो. ते काय सांगणार होते ते मला ठाऊक होतं, आणि खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"चल म्हणाले असते, मावशी."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं."

नाही, असं मी म्हटलं. दोनदा म्हटलं. मग जिन्यात जाऊन अमेयला फोन केला, आईला एकटं ठेवू नकोस, लवकर ये, बाकीचं आल्यावर सांगतो. माझे त्या दिवशी अजून तीन कॉल होते. ते पुढे ढकलले, खाली परत आलो आणि जमिनीवरच बसलो. मावशी माझ्याकडे बघत होत्या. तेवीस वर्षांत मी माणसांना फर्नेसशिवाय काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, ते बोलायचे कसे, ते सांगा.

त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, फार भरभर बोलायचे, अर्धं वाक्य गिळायचे, मलाच पुढचं लावून घ्यावं लागायचं. आणि अमेयची गाडी दारात लागेपर्यंत त्या सांगत राहिल्या.